हौदातलं शिंग

नांदेड,
४ मार्च २०२४

श्रीमंत अप्पा,

जयभीम आणि शरणार्थ, दोन्ही. बाबा तुम्हाला असंच लिहायचे, म्हणून मीही तसंच सुरू करते.

मी लुंबिनी. करंजवाडीच्या धम्मानंदची, तुमच्या वर्गमित्राची, गुरांच्या डॉक्टरांची मुलगी. बाबांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही नांदेडला आला होता. तेव्हा तुम्ही विचारलंत, ही विद्यापीठात काय शिकवते, आणि कुणीतरी सांगितलं, दगड. त्यावर तुम्ही जे तोंड केलं होतं ते मला अजून आठवतं. आज त्या दगडापायीच लिहिते आहे. फोनच करणार होते, पण तुमचा बसवंतदादा म्हणाला, अप्पांना फोनवर ऐकू येत नाही, कानातलं मशीन ते डब्यात ठेवतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही. मग राहिला कागद.

दादानं गेल्या आठवड्यात मला एक फोटो पाठवला. नदीकाठच्या तुमच्या रानात शेततळं खोदताना एक भलंमोठं शिंग वर आलं आहे, कवटीसकट. शेजारी दादाची चप्पल आहे आणि ती त्या शिंगापुढे लहान मुलाची वाटते. मी लगेच विचारलं, हे आता कुठे आहे? तेव्हापासून दादा गप्प.

अप्पा, माझं कामच हे आहे. आपल्या नद्यांच्या काठी फार फार पूर्वी हत्ती हिंडत होते, पाणघोडे होते, रानबैलांचे कळप होते. त्यांची हाडं मातीखाली दगड होऊन राहिली. ती शोधायची आणि त्यांच्यावरून त्या काळी इथे गवत कसलं होतं, पाऊस किती होता, कोण आलं, कोण संपलं, हे जुळवायचं. मला आजवर तुकडेच मिळाले. दातांचे, बरगड्यांचे. अख्खी कवटी कधी नाही.

ते जे काही आहे ते सावलीत ठेवा, धुऊ नका. आणि एक सोपी परीक्षा आहे. साध्या दगडाला जीभ लावली तर काही होत नाही, दगड झालेल्या हाडाला लावली तर जीभ चिकटते. करून बघाल का?

तुमची,
लुंबिनी


करंजवाडी, ता. देवणी,
१६ मार्च

चि. लुंबिनीस आशीर्वाद.

कागद पोचला. अक्षर बापावर गेलंय, वाचताना हैराण झालो.

तू लिहितेस तसं इथे काही निघालेलं नाही. बसवंताला फोटो काढायचा नाद आहे. बाभळीचं खोड निघालं तरी चप्पल शेजारी ठेवून फोटो काढतो. शेततळं झालं, प्लास्टिक अंथरलं, आता पाऊस कधी देतोय ते बघायचं.

जीभ लावायचं लिहिलंस. बाई, मी गळ्यात लिंग बांधणारा माणूस. अंड्याची टोपली गाडीत असली तर मी दुसऱ्या गाडीनं जातो. आणि तू मला हाड चाटायला सांगतेस. साखराबाईला, तुझ्या अव्वाला, वाचून दाखवलं तर ती चुलीपुढे बसून डोळ्याला पदर लावेपर्यंत हसली. तुझा बापही असाच होता. गाईच्या तोंडाचा वास घेऊन आजार सांगायचा आणि मग आपल्याला घ्यायला लावायचा.

आमची शेवरी गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर काळा ठिपका. देवणीच्या बाजारात लोक आत्ताच विचारून राहिलेत, पण द्यायची नाही. आमच्या आज्याच्या सरदार बैलाच्या वेलीतली आहे ती, घरातच राहील.

आईला, महामाया वहिनींना, नमस्कार सांग. आणि जे निघालंच नाही त्याची व्यवस्था नीट झालेली आहे, तू बिलकूल फिकर करू नकोस.

श्रीमंत बसलिंगप्पा


नांदेड,
२४ मार्च

अप्पा,

जे निघालंच नाही त्याची व्यवस्था नीट झाली, हे वाक्य मी विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे बाबा सांगायचे. बाजारात गाय विकताना तिचे दोष आधी सांगणारा देवणीतला एकच माणूस, असं म्हणायचे.

मी ते घेऊन पळून जाणार नाही. मला फक्त बघायचं आहे. फोटोत कवटीच्या भोवती जे पिवळ्या मातीचं आणि गोट्यांचं मिश्रण दिसतं, त्यात बारीक शंख आहेत, गोगलगायींचे. ते शंख आणि ती कवटी एकाच काळातली असतील तर तुमचं रान म्हणजे माझ्यासाठी अख्खं पुस्तक आहे. मी आठ वर्षं मांजरेच्या काठानं पानं फाटलेली पुस्तकं वाचत आले.

घरचं सांगते, कारण तुम्ही घरचे आहात. तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. माझ्या कामाचा तिला राग आहे. कपाटात हाडांचे तुकडे दिसले की म्हणते, "तुज्या आज्यानं ढोरं वढायचं सोडलं, आन् तू हाडं येचून राहिलीस?" तुम्हाला सगळं ठाऊक आहे. व्यंकटी आजोबांनी धम्म घेतल्यावर गावची मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं आणि तो दोर नदीत फेकला. तेव्हापासून आमच्या घरात दोर येत नाही. गच्चीवर कपडे वाळवायला तार आहे. बाबा गुरांचे डॉक्टर, पण दवाखान्यातला दोर दवाखान्यातच राहायचा. आईला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही. मी म्हणते हे विज्ञान आहे, ती म्हणते हाड ते हाडच.

तेव्हा दोन्हीकडून मला दार बंद करू नका. काय निघालं आणि कुठे आहे, एवढं तरी कळवा.

लुंबिनी


करंजवाडी,
५ एप्रिल

चि. लुंबिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा साखराबाई शेजारीच होती. मी वाचता वाचता थांबलो तसं तिनं ओळखलं. म्हणाली, "डाक्टरच्या पोरीला खोटं लिवलाव. आता भाकर ग्वाड लागंल का?" भाकर खरंच गोड लागली नाही. म्हणून लिहितो.

निघालं. पुढचं कपाळ आणि दोन्ही शिंगं. शिंगाचं वरचं कवच नाही, आतलं हाड, पण तेच माझ्या दंडापेक्षा जाड. चौघांनी धरून वर घेतलं, इतकं जड. यंत्रवाला म्हणाला, बाजूला टाकतो. मी त्याला म्हणालो, बैल आहे तो, टाकायचा नसतो. माझ्या आज्याचा सरदार त्याच रानात मातीला दिलेला. सगळं गाव गोळा झालं आणि म्हणालं, सरदारच वर आला. मग आमच्या घरात बैलाला जे करतात ते मी केलं. लिंबाखाली खड्डा घेतला, खाली विभूती, वर दोन पोती खडे मीठ, त्यावर दोन घागरी पाणी, नारळ. आमच्यात माणसालाही मीठ-विभूती देऊनच मातीत ठेवतात आणि घरच्या बैलाला त्यापेक्षा कमी करत नाहीत.

आता तू म्हणशील उकरा. मातीला दिलेलं उकरत नाहीत, लुंबिनी. तुझ्या कामाची मला थट्टा नाही, पण हा विषय इथेच थांबवू. उन्हाळ्यात ये, कैऱ्या उतरवल्यात, साखराबाई लोणचं घालून राहिली आहे.

वहिनींना तू उत्तर द्यायला नको. वहिनी जे म्हणतात त्यामागचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते कधी समोरासमोर बोलू.

श्रीमंत


नांदेड,
१२ एप्रिल

अप्पा,

दोन पोती मीठ हे शब्द वाचले आणि मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

रागावले नाही. ताज्या बैलाला तुम्ही केलंत तेच योग्य आणि तुम्ही ते मायेनं केलंत. पण हा बैल ताजा नाही. त्याच्या हाडाचा दगड झाला असला तरी त्याला बारीक बारीक छिद्रं आहेत. तुम्ही वरून घातलेलं पाणी मिठासकट त्यात शिरलं असणार. ते वाळायला लागलं की मिठाचे खडे होतात आणि ते आतून ढकलायला लागतात. तुमच्या जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागून गिलावा कसा पापुद्रे होऊन पडतो? तसाच त्याला आतून लोणा लागेल. मातीत राहिला तरी लागेल, दर उन्हाळ्यात थोडा थोडा. इतक्या हजार वर्षांत जे मोडलं नाही ते तुमच्या नातवंडांच्या डोळ्यांदेखत भुगा होईल.

मातीला दिलेलं उकरायचं नसतं हे मी ऐकलं. तुमच्या शब्दाशिवाय मी फावडं आणणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल, पण मी समजून घेईन. फक्त एक. हो म्हणायचं असेल तर मी आल्याशिवाय हात लावू नका. ते ओलं राहिलं पाहिजे. सुकलं की संपलं. परीक्षा चालू आहेत, महिनाअखेर सुटका होते. तोवर वर ओलं पोतं टाकून ठेवलं तर उपकार होतील.

लुंबिनी


करंजवाडी,
२२ एप्रिल

लुंबिनी,

बसवंत तुला फोन लावतोय. तरी मी लिहितो, कारण हे माझ्याकडूनच तुला कळायला हवं.

तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. घरातलं माणूस मिठानं मरून राहिलंय असं वाटायला लागलं. मी आणि बसवंतानं उकरलं. तू ओलं ठेव म्हणाली होतीस, पण ओलं राहिलं की सडतं हे माझ्या अंगात बसलेलं. बियाणं असो, हळद असो, गोधडी असो, बिघडलेल्या वस्तूला आपण ऊन दाखवतो. मी त्याला लिंबाच्या सावलीतून बाहेर ओढून ऊन दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या अंगावर पांढरी लव आली. आज उजव्या शिंगाचं टोक नुसतं हात लावला तर खाली पडलं. कपाळावर पापुद्रे सुटून राहिलेत. साखराबाईनं वर ओली चादर टाकली आणि मला त्याच्याजवळ जायला बंदी केली.

परीक्षा बिरीक्षा राहू दे. ये.

श्रीमंत


नांदेड,
३० एप्रिल

अप्पा, अव्वा,

काल संध्याकाळी पोचले. उदगीर, जळकोट, नायगाव करत येईपर्यंत गाडीत माझ्या ओढणीला मिठाचा आणि चुलीचा वास होता. नायगावला मावशीकडे उतरले तर ती म्हणाली, कुठल्या यात्रेतून आलीस?

अव्वांचं पातळ फाडताना मला जिवावर आलं होतं. पण त्या मऊ सुती पट्ट्या नसत्या तर कवटी उचलतानाच तिचे तुकडे झाले असते. आता ती हौदात आहे, अंगभर पट्ट्या गुंडाळून. तिथे ती राहू द्या. मीठ जसं पाण्यातून आत गेलं तसंच ते पाण्यातून बाहेर येईल, घाई केली नाही तर. पाणी गोड पाहिजे. बोअरचं मचूळ पाणी चालणार नाही, त्यातच क्षार आहेत. आडाचंच घालावं लागेल. चारपाच दिवसांनी पाणी काढायचं, नवं भरायचं. काढलेल्या पाण्यात सोमेशकडची ती पेन बुडवायची, तो जारचं पाणी विकतो त्याच्याकडे क्षार मोजायला असते ती. आकडा आधी खूप येईल. तो उतरत उतरत आडाच्या पाण्याइतका झाला की आपण जिंकलो.

हे लिहिताना मला लाज वाटते, कारण आडात किती पाणी आहे ते मी वाकून पाहिलं. मे तोंडावर आहे. गावात टँकर चालू झालाय आणि मी एका दगडासाठी हौदभर गोड पाणी मागते आहे, तेही पुन्हा पुन्हा. पावसाळा सुरू व्हायची वाट बघावी तर तोपर्यंत कवटी कोरडी किंवा खारी राहील, दोन्हीकडून मरण. काय करायचं ते तुम्ही ठरवा. गाव नको म्हणालं तर मी गावाला दोष देणार नाही.

तुटलेलं टोक डब्यात कापसात ठेवलंय. ते जोडता येईल. तुम्ही त्याच्याकडे सारखं बघत होतात म्हणून सांगते.

लुंबिनी


करंजवाडी,
२६ मे

चि. लुंबिनी,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आता आहे.

पहिलं पाणी बदललं तेव्हा कुणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी आडावर बायका थांबलेल्या आणि बसवंत दगडासाठी घागरी भरून राहिलेला. शेजारच्या विरूपाक्षाच्या सुनेनं सरळ विचारलं, "लेकराला पानी न्हाई आन् धोंड्याला आंघोळ?" तिचं काही चुकलं नाही. बसवंत रिकामी घागर घेऊन घरी आला. मी साखराबाईला म्हणालो, पुरे झालं, काढून ठेवू, लुंबिनीला लिहितो.

ती उठली, हौदातलं जुनं पाणी तांब्यात घेतलं, जिभेला लावलं. बघ, तुझी परीक्षा शेवटी आमच्या घरात तिनंच दिली. म्हणाली, "खारट हाय, पर लई न्हाई. जनावरं पेतील." आपण गुरांना पेंडीत मीठ घालतोच की. शेवरीपुढे बादली ठेवली तर तिनं तळ चाटला. मग आमच्या डोक्यात उजेड पडला. गुरांचं पाणी आडावरून रोज येतंच होतं. तेच आधी हौदात घालायचं, त्याचे चार दिवस झाले की तिथून गुरांच्या कुंडात. आडातून एक घागर जास्तीची जात नाही. अगदी पहिलं कडक खारट पाणी होतं ते आधीच उकिरड्यावर गेलं होतं, ते बरं झालं.

विरूपाक्षाच्या सुनेला बोलावून दाखवलं. ती आता स्वतःची म्हैस घेऊन येते. म्हशीला आमचंच पाणी आवडतं म्हणे.

सोमेशनं त्याची पेन इथेच ठेवलीय. दर वेळी चार माणसं आकडा बघायला येतात, निवडणुकीचा निकाल असल्यासारखी. आकडा उतरतोय. पांढरी लव पुन्हा आली नाही. मी हौदाजवळ जातो, पण हात मागे बांधून.

एक विचारायचं होतं. तू त्या दिवशी कपाळाचं माप घेतलंस, शिंगाच्या बुडाला दोरीसारखी पट्टी गुंडाळलीस, आणि मग काहीच बोलली नाहीस. काय निघालं मापात?

श्रीमंत


नांदेड,
२० जून

अप्पा,

तुम्ही विचारलंत आणि मी तीन आठवडे उत्तर लिहून फाडत राहिले. तुम्ही मला बोलावलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुमच्या अंगणात अर्धं गाव उभं होतं आणि सगळे त्याला सरदार म्हणत होते. मला भीती वाटली की खरं सांगितलं तर त्याला पाणी कोण घालेल?

तो सरदार नाही, अप्पा. तो पाळलेला बैलच नाही. कपाळ रुंद, शिंगांची बुडं इतकी जाड आणि बाजूला पसरलेली. तो रानबैल आहे. मातीतले शंख मी पुण्याला आणि पुढे तपासायला पाठवले आहेत, नेमकं वय कळायला वेळ लागेल, पण काही हजार वर्षांचा नक्कीच नाही, दहा हजारांच्याही कितीतरी पलीकडचा असेल. त्या वेळी माणसानं नांगर पाहिला नव्हता, बैलाच्या नाकात वेसण घातली नव्हती. कुणी त्याला नाव ठेवलेलं नव्हतं. नदीच्या वाळूत तो पडला आणि पुरानं त्याच्यावर माती घातली.

तुमच्या घरातून सरदार काढून घेतल्यासारखं मला वाटतंय. त्याबदल्यात एकच देऊ शकते. आपल्या देशी गुरांचे पूर्वज याच जातीच्या रानबैलांतले. तुमची शेवरी आणि तिची ठिपक्याची कालवड थेट याचीच, असं मी शपथेवर सांगणार नाही, पण भावकीतली नक्की. सरदारची वेल मागे मागे नेत गेलं तर असल्याच कुणापाशी पोचते.

आता तुम्ही काय ते ठरवा. सोमेशची पेन आडाच्या पाण्याचा आकडा दाखवते आहे असं दादा म्हणाला. म्हणजे तो सावलीत हळूहळू वाळायला तयार आहे. मला तो नांदेडला न्यायचा आहे, टोक जोडायचं आहे, अभ्यास करायचा आहे. त्याचा हुबेहूब साचा करून करंजवाडीच्या शाळेत ठेवू, आणि खालच्या पाटीवर गावाचं नाव. पण तो सरदार नाही हे कळल्यावरही तुम्ही देणार असाल तरच.

आईशी पुन्हा वाजलं. मी सांगितलं, टेम्पो घेऊन जाते आणि कवटी आणते. ती म्हणाली, "त्याच गावात, त्याच घरचा बैल, आन् उचलायला पुन्ना आपलंच माणूस." मला रडू आलं, खरं सांगते. तिचं चूक नाही आणि माझंही नाही, आणि तरी आम्ही एका ताटात जेवत नाही आहोत.

लुंबिनी


करंजवाडी,
३ जुलै

चि. लुंबिनी,

हे पत्र वहिनींनाही वाचून दाखव. सगळं.

तो सरदार नाही हे मला पहिल्या दिवशीच मालूम होतं. सरदारचं डावं शिंग बुडापासून मोडलेलं होतं. माझ्या लहानपणी तो गाडीखाली आला होता, मी त्याच्या त्या बुडख्यावर हळद लावायचो. याची दोन्ही शिंगं शाबूत. गाव म्हणालं सरदार, मी असेल म्हणालो, कारण नाही म्हणालो असतो तर यंत्रवाल्यानं त्याला बांधावर टाकला असता. ज्याचं कुणी नाही त्याची माती कुणीतरी करावी लागते. एवढ्यासाठी मी केली. तू माझं काही काढून घेतलेलं नाहीस.

आता सरदारचं ऐक. तुझ्या आज्यानं, व्यंकटीनं, दोर नदीत टाकला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरदार मेला. मी सात वर्षांचा. माझ्या आज्यानं तुमच्या आळीला निरोप धाडला. व्यंकटी स्वतः आला, लांब उभा न राहता अंगणात आला, आणि म्हणाला, "मालक, बैल तुमचा. जितेपनी तुमी हात फिरवलाव, आता मेल्यावर बी तुमीच उचला." आज्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या लोकांनी तुमच्या लोकांना रानात काम देणं बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली. हे मी झाकत नाही, माझ्या घरानंच त्यात पुढाकार घेतला होता. सरदार अंगणात पडून राहिला. वास सुटला. कुणी आलं नाही. शेवटी आजा, माझा बाप आणि चुलता उठले, त्यांनी आपल्या हातानं त्याला गाडीवर घातला, खड्डा घेतला. आजा खड्ड्याजवळ बसून रडला. बैलासाठी रडला असं आम्ही समजलो. मोठा झाल्यावर मला वाटलं, व्यंकटीचं बोलणं त्याला तेव्हा कळलं असावं.

तेव्हापासून आमच्या घरचा बैल आमच्या घरचेच मातीला देतात. मीठ-विभूतीची रीत त्या दिवसापासूनची. ती आमची रीत आहे, पण सुरुवात तुझ्या आज्यानं करून दिली.

तेव्हा वहिनींना सांग, उचलायला त्यांचं माणूस लागणार नाही. टेम्पो आण. तू उभं राहायचंस आणि कुठे धरायचं, कसं ठेवायचं ते सांगायचंस. उचलणार मी, बसवंत आणि विरूपाक्षाची पोरं. माझं वय झालंय, तरी एक कोपरा माझा.

शेवरी अजून हौदाकडेच ओढते. आता त्यात साधं पाणी आहे, तिला ते पटत नाही.

श्रीमंत


नांदेड,
१४ जुलै

श्रीमंतभाऊ,

जयभीम. लुंबिनीची आई लिहिते. पत्र लिहायची सवय मोडली, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं पत्र पोरीनं वाचून दाखवलं. मधेच तिनं कागद माझ्या हातात दिला, मग मी चष्मा लावून पुढचं वाचलं. अंगणात सासरे काय बोलले ते या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी आम्हाला फक्त दोर फेकल्याचं सांगितलं. बोललेलं सांगितलं नाही. लुंबिनीच्या बाबांनाही ते माहीत नसावं, नाहीतर त्यांनी ते दहादा सांगितलं असतं. तुम्ही ते इतकी वर्षं शब्दासकट जपलंत.

माझा पोरीवरचा राग काही अंशी भीती होती. जे सोडायला एवढं सोसलं ते पोरगी परत हातात घेते की काय. काल तिनं मला पहिल्यांदा जवळ बसवून ते शंख दाखवले, ज्वारीच्या दाण्याएवढे. म्हणाली, यावरून तेव्हाचा पाऊस कळतो. मी म्हणाले, मग आधी हेच दाखवायचं होतंस, हाडं कशाला दाखवत बसलीस.

तुम्ही लिहिलंत ती उभी राहील आणि तुम्ही उचलाल. तुम्ही दिलेला मान मोठा आहे. पण ती ऐकणार नाही, मी तिला ओळखते. ती हात लावणारच. लावू द्या. कुणाच्या निरोपावरून येत नाही ती, स्वतःच्या पायानं येते. एक कोपरा तुमचा, एक तिचा.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी टेम्पोबरोबर येतो. मी करंजवाडीला सत्तेचाळीस वर्षांनी पाय ठेवणार. साखराबाईंना सांगा, माझ्यासाठी खास काही करू नका, भाकरी आणि तुमच्या कैरीचं लोणचं पुरे.

कवटी टेम्पोत हलू नये म्हणून बांधावी लागेल. त्याला दोर लागेल. तुम्ही काढू नका. काल मी वजिराबादच्या बाजारात जाऊन नवा आणला, सुती, पांढरा. घरात आणताना उंबऱ्यावर जरा थांबले. मग आत आले आणि तो लुंबिनीच्या टेबलावर तिच्या शंखांशेजारी ठेवला.

महामाया